गोळ्या मोजणारी मैत्रीण

ताई,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. माझी मैत्रीण एचपीटी कॉलेजपासूनची. लग्न होऊन मखमलाबादला गेली, घरची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी तिला डिप्रेशन आलं. शरणपूर रोडच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. आठ महिने गोळ्या घेतल्या, छान सुधारली. मग तिनं त्या परस्पर बंद केल्या. मी रोज रात्री "गोळी घेतलीस?" असा मेसेज टाकायचे, ती अंगठा पाठवायची. मागच्या रविवारी मिसळ खाताना कळलं की तीन आठवडे ते अंगठे खोटे होते. म्हणाली, "मी बरी आहे आता. गोळ्या घेतल्या की मी मी राहत नाही." सोडल्यावर चार-पाच दिवस चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं झालं म्हणे. "बघ, सवयच लागली होती मला!" मी चिडले, खूप बोलले. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. नवऱ्याला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. घरात छाटणीची गडबड, सासूबाई नातवंडाची वाट बघतायत, तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. मी तिच्यासाठी सात वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबासुद्धा आणून ठेवलाय. तो कसा देऊ? काय करू?

— इंदिरानगरची मैत्रीण

अगं,

"सासूबाई नातवंडाची वाट बघतायत" हे तू जाता जाता लिहून टाकलंयस. मी तिथंच अडखळले.

आठ महिने नेमानं गोळ्या घेणारी बाई एक दिवस त्या सोडते, त्याला काहीतरी कारण असतं. तुझ्या सगळ्या पत्रात "का सोडल्यास?" हा प्रश्न तू तिला विचारल्याचं दिसत नाही. "घेतलीस का?" एवढंच विचारलंस. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण या गोळ्या चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही असं तिला कुणी सांगितलं असेल, किंवा तिनंच मनाशी धरलं असेल. आपल्याकडे घरोघरी हेच धरून चालतात. प्रत्यक्षात डॉक्टर गोळी बघून ठरवतात. डिप्रेशनच्या काही गोळ्या गरोदरपणातही चालू ठेवता येतात, काही दिवस राहण्याआधीच बदलून देतात. आणि उपचार सोडून वाढलेलं डिप्रेशन आईबरोबर बाळालाही सोसावं लागतं. हे सगळं डॉक्टरांच्या खोलीत वीस मिनिटांत बोलून होण्यासारखं आहे. ती ते स्वयंपाकघरात एकटीच ठरवून बसली असेल तर तिची कीवच करायला हवी, राग नाही.

कारण वेगळंही असेल. वजन वाढतं, दिवसभर पेंग येते. नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही, हा तर या गोळ्यांचा अगदी नेहमीचा त्रास. पण तो डॉक्टरांपुढे काढायला बायकांची जीभ रेटत नाही (पुरुषांचीही नाही, ते नुसते गोळ्या फेकून मोकळे होतात). "मी मी राहत नाही" हे तिचं वाक्यही हसण्यावारी नेऊ नकोस. रडू येत नाही तसं हसूही पुरतं येत नाही, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं वाटतं, असं गोळ्या घेणारे कितीतरी जण सांगतात. त्यावर इलाज असतो, डोस कमी करणं किंवा गोळी बदलणं. पण त्यासाठी ते डॉक्टरांच्या कानावर जावं लागतं.

आता त्या झटक्यांचं. मी डॉक्टर नाही, पण एवढं पक्कं सांगते की ते व्यसन नव्हे. व्यसनात माणूस त्या वस्तूसाठी तडफडतो, मात्रा वाढवत नेतो. या गोळ्यांसाठी कुणी मेडिकलपुढे ताटकळत नाही. मेंदू त्या औषधाच्या हिशोबानं बसलेला असतो, ते एकदम काढून घेतलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, उडालेली झोप, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेसारखे झटके असं होऊ शकतं. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं, काहींचं लांबतं. म्हणूनच डॉक्टर डोस पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवतात. खरा आजार परततो तो असा चार दिवसांत धाडकन नाही. तो हळूहळू येतो, कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. म्हणून आज ती "बरी आहे" म्हणतेय त्यावर तू निर्धास्त होऊ नकोस, आणि लगेच घाबरूनही जाऊ नकोस. पहिल्या आजारात बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. तिच्या आठ महिन्यांतले सुरुवातीचे दोन-तीन तर बरं होण्यातच गेले असतील. म्हणजे उपचार संपण्यापासून ती फार लांब नव्हती. कदाचित डॉक्टरांनीच थोड्या दिवसांनी उतरवायला घेतल्या असत्या. हे तिला सांगण्यासारखं आहे.

आणि एक. "चल, आजपासून परत सुरू कर" असं तू परस्पर सांगू नकोस. तीन आठवड्यांच्या खंडानंतर किती डोसपासून सुरू करायचं, की करायचंच नाही, ते डॉक्टर ठरवतील.

तुझ्या रात्रीच्या मेसेजविषयी मला जरा जास्त बोलायचंय, कारण मी तेच केलंय. माझा एक चुलतभाऊ आजारी होता तेव्हा मी रोज त्याची पाकिटं मोजायचे. हिशोब कधी चुकला नाही. दोन महिन्यांनी कळलं, रोज एक गोळी बेसिनमध्ये जात होती. मोजणारीला आकडा हवा होता, त्यानं आकडा दिला. तुझ्या मैत्रिणीनं अंगठा दिला. तिच्या खोटेपणाचं तुला फार लागलंय ते कळतं, पण ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं त्याला माणूस तेच उत्तर देतो. कॉलेजच्या कॅन्टीनमधली मैत्रीण जाऊन तिच्या आयुष्यात आणखी एक सासू आली, बाकी काय झालं?

फोन उचलत नाही तर फोन करू नकोस. मेसेज टाक, आणि त्यात गोळी हा शब्द नको. "रविवारी मी फार बोलले. चुकलं माझं. येत्या रविवारी सोमेश्वरला जायचं का? नुसतं बसू." इतकंच. उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी काहीतरी फालतू पाठव, गंगापूर रोडच्या ट्रॅफिकचा फोटो चालेल. भेटलात की विचार, "गोळ्या घेताना सगळ्यात वाईट काय वाटायचं?" आणि मग गप्प बस. तुला उपदेशाची उबळ येईल, चहाचा घोट घे. ती बोलली की एवढंच म्हण, "हे डॉक्टरांना सांगू या का? मी बाहेर बसते." सोडायच्याच असतील तर डॉक्टरांना सांगून सोड, मी तरीही तुझीच आहे, हेही म्हण. ते तुला अवघड जाईल. पण ती सज्ञान आहे, निर्णय तिचा आहे, आणि "परत घे" म्हणणाऱ्यांपेक्षा असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर ती दवाखान्याचा जिना चढण्याची शक्यता जास्त आहे.

जिन्यावरून आठवलं. नाशिक कितीही वाढलं तरी शरणपूर रोडला मखमलाबादचं कुणीतरी भेटतंच. त्याचीच धास्ती असेल तर त्या डॉक्टरांना फोनवर वेळ मिळते का बघा. नाहीतर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. तूसुद्धा लाव. आजारी माणसाच्या सोबत्यालाही तिथं बोलता येतं, आणि तुझं पत्र वाचून मला वाटलं की तुलाही त्याची गरज आहे.

शपथेचं सरळ सांगते. गोळ्या सोडल्या एवढ्यावरून नवऱ्याकडे धावू नकोस. तिनं विश्वासानं सांगितलंय, ते तिनंच सांगावं म्हणून तिच्या मागे लाग. पण भेटशील तेव्हा तिला थेट विचार, "जीव द्यावासा वाटतो का कधी?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ती हो म्हणाली, किंवा निरवानिरवीची भाषा करू लागली, जेवणखाण सोडलं, स्वतःला कोंडून घेतलं, तर शपथ त्याच क्षणी संपली. तिला एकटी ठेवायची नाही, उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या, नवऱ्याला फोन करायचा आणि तिला त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गाडी नसेल तर 108. घरचे "पोलिसांचं लफडं होईल" म्हणून कचरतात, तेव्हा त्यांना सांग की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही. ही हद्द तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे पुढे विश्वासघात वाटणार नाही. "बाकी सगळं पोटात ठेवीन, हे नाही ठेवणार."

तिच्या सासूबाईंशी बोलायला तू जाऊ नकोस. मोह होईल तुला, ओळखते मी. ते तिच्या नवऱ्याचं काम आहे, आणि छाटणी उरकल्यावर ते त्याच्याकडून करून घ्यायला तीच समर्थ असेल, गोळ्यांसकट किंवा गोळ्यांविना.

तो सात कप्प्यांचा डबा सध्या तुझ्याच कपाटात राहू दे. तिनं मागितला तर दे. नाही मागितला तर तुला बीपीच्या गोळ्या सुरू होतील तेव्हा कामाला येईल, माझ्याकडे आहे तसलाच.

— ताई