पेढीवरचे प्रश्न : 'आपलं गिऱ्हाईक कुठं जात नाय'

प्रश्न : नमस्कार. सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची पेढी आहे, आजोबांच्या काळापासूनची, आणि कुपवाडला पावडरीची छोटी गिरणी. माल कोकण, गोवा आणि बेळगाव साइडला जातो, बहुतेक जुनी किराणा दुकानं. दोन वर्षं झाली खप हळूहळू उतरतोय. पोरगा एमबीए करून आलाय, तो म्हणतो पप्पा तुमची सगळी गृहीतकं चुकीची आहेत, ब्रँड काढू, ऑनलाइन जाऊ. नवीन पार्ट्या भाव विचारायच्या आधी कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा, लॅबचा रिपोर्ट मागतात. आमचे दिवाणजी म्हणतात ही सगळी फॅडं आहेत, सांगलीच्या हळदीला मरण नाही आणि आपलं गिऱ्हाईक कुठं जात नाय. कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्तास दोघांचंही नको. दिवाणजींचं बोलणं जेवढं न तपासलेलं तेवढंच पोराचंही, एक जुनं आणि एक नवं एवढाच फरक.

'सांगलीच्या हळदीला मरण नाही' हेच घ्या. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण ते ठरवून दिलेल्या भागात पिकलेल्या हळदीला आहे, सांगलीत सौदा झाला म्हणून कुठल्याही पोत्याला ते लागत नाही, आणि वापरायचं तर रीतसर नोंदणी करावी लागते. आता गोडाऊनमध्ये जाऊन बघा आपल्या भागातली पोती किती आणि मराठवाड्यातली, कर्नाटकातली किती. हिंगोली-वसमतकडं हळद जोरात आहे, वसमतच्या हळदीला २०२४ ला जीआय पण मिळालं, आणि आपल्याकडचे बरेच शेतकरी ऊस नायतर द्राक्षाकडं वळलेले. मग पाकिटावर 'सांगली' छापून नक्की काय विकतोय आपण, हे एकदा बसून बोला की.

सांगलीशेजारच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं तर तुम्हाला सांगायला नकोत. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलं की आत हवा नाही, म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. हळद ठेवायची तर पेवातच, असं पक्कं बसलेलं डोक्यात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, कितीतरी पेवं कायमची गेली, आणि मग तीच हळद वखारीत, कोल्ड स्टोरेजला जायला लागली आणि तिथंही टिकली. यात पेव वाईट होतं असं कुणी म्हणणार नाही, त्यानं पिढ्यानपिढ्या काम केलं. पण नदी पेवापर्यंत येत नाही हे सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि ते कुणी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती. म्हणून पोरगं म्हणतंय तसं तुमचं सगळं चुकीचं नाहीये, ते कशावर टेकलंय तेवढं शोधायचंय.

'गिऱ्हाईक कुठं जात नाय' हे कशावर टेकलंय? दुकानात तोच म्हातारा मालक बसतो, तो सुटी हळद घेतो, आणि तुमची उधारी त्याला सोयीची पडते, यावर. आता त्या गल्ल्यावर त्याचा मुलगा बसत असेल, त्याला पाकीट बरं वाटत असेल, आणि पाकीटवाल्या कंपनीची गाडी आठवड्याला दारात येत असेल तर? हे घरात बसून कळणार नाही. तीन वर्षांची बिलबुकं काढा आणि जी नावं गायब झालीत त्यांच्याकडं स्वतः जा, ऑर्डरची वही न घेता. जे टिकलेत त्यांना विचारून उपयोग नाही, ते चांगलंच बोलणार.

दुसरं, १९८५ ला अमेरिकेतली इंटेल कंपनी अशाच कात्रीत होती, मेमरी चिप हा त्यांचा मूळ धंदा आणि जपानी कंपन्यांनी भाव पार खाली आणलेले. तेव्हा कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्हनी गॉर्डन मूरना विचारलं की आपल्याला काढून नवा साहेब आणला तर तो काय करेल, मूर म्हणाले मेमरीतून बाहेर पडेल, मग ग्रोव्ह म्हणाले तेच आपण का करू नये, आणि त्यांनी ते केलं, मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर, जोर दिला. तुम्ही पण विचारून बघा, उद्या ही पेढी परक्यानं विकत घेतली तर पहिल्या महिन्यात तो काय बंद करेल. माझा अंदाज, उधारी.

रिपोर्ट मात्र लगेच काढा, त्यात घोळ घालण्यासारखं काही नाही. रंगावरून माल ओळखणारा माणूस तुमच्याकडं असेल, पण तुमचा खरेदीदार त्याच्या पुढच्या पार्टीला त्या माणसाचा डोळा पाठवू शकत नाही, कागदच पाठवणार.

आणि चिरंजीवांना सांगा, ऑनलाइन टाकलं की खपतं हे पण गृहीतकच आहे. पाव किलोच्या पाकिटावर कुरिअर, कमिशन, परत आलेला माल धरून काय उरतं ते आधी कागदावर मांडायला लावा. मग छोट्या लॉटवर दिवाळीपर्यंत करू द्या, पण सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा किती खपलं तर पुढं जायचं आणि कितीवर थांबायचं. नंतर आकडा ठरवायला बसलात तर बाप आपल्या सोयीचा काढणार आणि पोरगा आपल्या.

प्रश्न : पलूसला माझं मशीन शॉप आहे. नवीन काही ठरवलं की मिटिंगमध्ये सगळे हो हो म्हणतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर वेगळंच बोलतात. यांना मोकळं कसं करायचं?

उत्तर : तुम्ही पहिल्यांदा बोलता का? मालक बोलला की मिटिंग संपली, पुढं फक्त माना डोलतात. तेव्हा तुम्ही शेवटी बोला. आणि 'कुणाला काही अडचण?' असं विचारू नका, त्याला कायम 'नाही साहेब' हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा म्हणा, समजा वर्षभरानं हे काम पार फसलंय, का फसलं ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहा. ही गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची युक्ती आहे, इथं फसलंय हे आधीच धरलेलं असतं, त्यामुळं कारण सांगणारा मालकाच्या विरोधात गेला असं होत नाही.

तुमच्या शेजारीच किर्लोस्करवाडी, १९१० ची. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी सुरुवातीला किर्लोस्करांचा नांगर घेत नव्हते ही गोष्ट आपल्याकडं सगळे सांगतात, आणि सांगताना कायम आपण किर्लोस्कर असतो, हसायचं ते शेतकऱ्याला. मिटिंगला बसताना जरा उलटं बसून बघा, म्हणजे तुम्ही तो शेतकरी आणि नांगर घेऊन आलेला तुमचा सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा, ऑपरेटर.

आणि चिठ्ठी कुणाची ते अक्षरावरून ओळखायला जाऊ नका, एकदा ओळखलंत की पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील.