डीडीआर३ रॅमसोबत डीडीआर४ची पट्टी चालेल का?
रत्नागिरीतील आपल्या दुकानाच्या डेस्कटॉपमध्ये ४ जीबी डीडीआर३ रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) असून तिच्या जोडीला डीडीआर४ची, म्हणजे पुढच्या पिढीच्या रॅमची, पट्टी लावता येईल का, असे आपण विचारले आहे. ती चालणार नाही. डीडीआर३च्या पट्टीला २४० आणि डीडीआर४च्या पट्टीला २८८ पिना असतात, शिवाय मधल्या खाचेची जागाही वेगळी असल्यामुळे ती स्लॉटमध्ये बसतच नाही, म्हणून जोर मुळीच लावू नये. ४ जीबीची डेस्कटॉपचीच डीडीआर३ पट्टी घ्यावी. मात्र आपली विंडोज ६४ बिटची आहे ना, हे आधी पाहावे, कारण ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरता येत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडेवर थर धरतो आणि संगणक सुरूच होत नाही, तेव्हा जुनी पट्टी बाद समजण्यापूर्वी, वीजजोडणी काढून, ती कड साध्या खोडरबराने हलक्या हाताने अवश्य पुसावी.