खिसा बघून सँटा : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्हाला तीन मुलं, वय ४, ७ आणि ११. यंदा ह्यांचं काम निम्म्यावर आलंय, भाडं आणि फी भरून झाली की हातात फार काही उरत नाही. नाताळ तोंडावर आलाय आणि मुलांच्या याद्या कधीच्या तयार आहेत, मोठा तर गेमचा कन्सोलच मागतोय. एकदाच येतो सण, क्रेडिट कार्डवर हप्ते करून घेऊन टाकू का? मुलांचा हिरमोड बघवत नाही.
– तीन मुलांची आई

उत्तर : हप्त्यांचं आधी बोलू, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. नको. ऋण काढून सण म्हणतात तो हाच, आणि मुलांना हप्ता दिसत नाही हो, त्यांना दिसते ती मार्चपर्यंत चाललेली आईबाबांची चिडचिड.

आता करायचं काय, तर घरखर्चाला हात न लावता जेवढे काढता येतील तेवढे पैसे रोख काढा आणि एका पाकिटात घाला. रोखच, कारण कार्डवर किती गेले ते कळत नाही, पाकीट मात्र डोळ्यांदेखत बारीक होतं. त्यातून आधी बाजूला काढा ते कुणीच न मोजलेले खर्च, म्हणजे खेळण्याच्या बॅटऱ्या, गुंडाळायचा कागद, लांबच्या कुणाला पार्सल पाठवायचं असेल तर ते. बरेचदा बजेट बिघडतं ते इथेच, मोठ्या गिफ्टमुळे नाही.

उरलेल्याचे तीन सारखे भाग करू नका. सगळ्यांना सारख्या किमतीचं द्यायचं हा नियम मोठ्यांचा आहे, चार वर्षांच्या मुलाला किंमत कळतच नाही, त्याला कळतं दादाला किती पुड्या आणि मला किती. अकरा वर्षांच्याला नेमकं उलट, त्याला एकच पण मनासारखं हवं. सातवाला दोन्ही मोजतो, तो खरा हिशेबनीस, त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा. तेव्हा पुड्या सगळ्यांना सारख्या, पैसे मात्र वयाप्रमाणे कमीजास्त, यात कुणावर अन्याय होत नाही.

याद्या लांब असल्या तरी घाबरू नका. आज प्रत्येकाला विचारा, यातलं एकच मिळणार असेल तर कुठलं? उत्तर लिहून ठेवा आणि आठवड्याने परत विचारा. दोन्ही वेळा जे आलं ते खरं, बाकीचं बहुतेक जाहिरातीतून आलेलं असतं. आणि कमी खेळणी म्हणजे मुलाचं नुकसान असंही नाही बरं का. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं होतं, २०१८ साली ते छापून आलं. चारच खेळणी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत हे मान्य, पण खेळण्यांच्या ढिगात बसून "मला कंटाळा आलाय" म्हणणारं मूल आपण सगळ्यांनीच बघितलंय.

धाकट्यासाठी घरच्या घरी डॉक्टरची पेटी करा. बुटाचा खोका घ्यायचा, त्याला पांढरा कागद चिकटवून वर लाल रंगाने त्याचं नाव, खाली डॉक्टर. आत बँडेजचा रोल, काच काढून टाकलेली जुन्या चष्म्याची फ्रेम, रिकामं मलमाचं डबडं धुऊन, आणि एक छोटी वही जिच्यावर तुम्ही आधीच "पेशंटचं नाव" आणि "काय दुखतं" असं लिहून रेघा मारून ठेवलेल्या. वहीला पेन दोरीने बांधा, पण दोरी आखूड ठेवा, गळ्यात अडकेल एवढी नको. खर्च जवळपास शून्य, आणि वही आधी संपते की पेशंट आधी संपतात ते बघाच. सातवाल्याला अशीच गुप्तहेराची पेटी करता येईल, भिंग एवढंच काय ते विकत आणायचं, बाकी सांकेतिक लिपीची चिठ्ठी आणि पहिला सुगावा तुम्ही लिहायचा.

राहिला मोठा. त्याला खरं सांगा, पण रडगाणं न लावता. "यंदा पैसे कमी आहेत, कन्सोल बसत नाही, त्याऐवजी तुझ्या यादीतलं दुसरं काय चालेल?" एवढं पुरे. अकरा वर्षांच्या मुलाला घरातलं वातावरण कळत नसतं हा आपलाच गैरसमज, उलट कुणी बोलत नाही म्हणून ते जास्त घाबरतं. "पुढच्या वर्षी नक्की" असं मात्र तोंडातून काढू नका, पुढचं वर्ष कुणी बघितलंय. हवं तर आजी-आजोबा, मामा, आत्या जे कुणी त्याला काही ना काही देणारच आहेत त्यांना सांगा की वस्तू नको, तेवढे पैसे त्याच्या कन्सोलसाठी ठेवलेल्या बरणीत घाला, तो स्वतःही खाऊचे पैसे घालेल. सुट्टीपुरता कन्सोल कुणाकडून उसना आणता आला तर तोही आनंद वेगळाच.

एक राहिलं. घरात सँटा येत असेल तर मोठं गिफ्ट आईबाबांच्या नावाने आणि बारीकसं सँटाच्या नावाने द्या. बऱ्याच घरांत उलटं असतं, मग सुट्टीनंतर शाळेत कळतं की अमक्याला सँटाने सायकल दिली आणि मला रंगपेटी, आणि मूल सरळ अर्थ काढतं की मी वाईट वागलो असणार. आपल्या मुलाचंच नाही, वर्गातल्या दुसऱ्या मुलाचंही यात भलं आहे. तसं बघितलं तर ज्यांच्यावरून सँटा आला ते संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचे बिशप, आणि त्यांची गोष्ट सांगतात ती एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी रात्री गुपचूप सोन्याची थैली टाकल्याची. गरज बघून आणि नाव न सांगता दिलेलं. सँटा मोबाईल, ड्रोन वगैरे वाटत सुटला ते फार नंतर.

प्रश्न : वापरलेली खेळणी घेतली तर चालतील का? लोक काय म्हणतील याचं नाही, पण सेफ असतात का ते सांगा.
– एक बाबा

उत्तर : बिनधास्त घ्या, फक्त डोळे उघडे ठेवून. पुस्तकं, लाकडी ठोकळे, बोर्ड गेम उत्तम, पझल मात्र तुकडे मोजूनच घ्या. लेगोच्या विटा तर १९५८ पासूनच्या आजच्या विटांना बसतात, ४० अंशापर्यंतच्या कोमट पाण्यात साबण घालून हाताने धुवायच्या, झाल्या नव्यासारख्या. हेल्मेट आणि गाडीतली चाइल्ड सीट अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, ती एकदा आपटलेली असली तर बाहेरून कळत नाही. बटणासारखी चपटी बॅटरी असलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते बघाच, ती बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजतं, अशा वेळी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. छोटी ताकदवान मॅग्नेटंही नकोत, दोन पोटात गेली तर आतड्याला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जाईल ते त्याच्या हाती द्यायचं नाही.

प्रश्न : आमच्या जाऊबाई सगळ्या मुलांना महागडी गिफ्ट आणतात. घरात पुतणे-भाचे धरून नऊ मुलं, आम्हाला तेवढं झेपत नाही, आणि काही कमीचं नेलं तर त्यांचा चेहरा बघावा लागतो.
– धाकटी सून

उत्तर : नोव्हेंबरातच फॅमिली ग्रुपवर टाका, की यंदा मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकू या, प्रत्येक घराने आपल्या मुलांएवढ्याच चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याचं नाव येईल त्यालाच गिफ्ट द्यायचं आणि रकमेची एक मर्यादा ठरवायची. हे तुम्ही टाकलंत तर कंजूषपणा दिसेल, सासूबाईंनी किंवा नणंदेने टाकलं तर आयडिया दिसेल, तेव्हा आधी त्यांना फोन करा. गंमत म्हणजे असं कुणीतरी सुचवायची वाट बघणारे ग्रुपवर तुम्ही सोडून आणखी दोघं-तिघं निघतातच. जाऊबाईंनी तरी महागडं आणलं तर आणू दे, "छान आहे हो" म्हणायचं आणि विषय संपवायचा, त्यांच्या बरोबरीने धावायचं तुमच्यावर कुणी घातलेलं नाही.

प्रश्न : हाताने केलेली कूपनं मुलांना आवडतात का, की आपलीच समजूत?
– वाचक

उत्तर : कुठली कूपनं त्यावर आहे. "आईची एक मिठी" असलं कूपन दिलंत तर मूल म्हणेल ती तर फुकट मिळते. "एक रात्र हवं तेवढं उशिरा जागायचं", "आज भांडी मी घासणार नाही", "फक्त मी आणि बाबा बाहेर", ही खपतात. पाच-सहाच द्या, मुदत लिहा, आणि मुलाने नेमकं तुम्ही दमलेल्या दिवशी कूपन पुढे केलं तरी ते चालवावं लागेल, तेवढी तयारी असेल तरच करा.