शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा येताना

भावा, कोल्हापूरची फुटबॉल लीग पहिल्यांदाच बघतोयस ना? मग सगळे १६ संघ पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. यंदा दोनच धर: पाटाकडील तालीम म्हणजे मंगळवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ म्हणजे शिवाजी पेठ. बाकीचे आपोआप कळतात.

नवखे इथं चुकतात:

- नजर सतत चेंडूवर. दहा मिनिटं एकच बचावपटू बघ. चेंडू नसताना तो कुठं सरकतो, तिथंच खरा खेळ आहे.
- ऑफसाइडवरून (आपला खेळाडू बचावपटूंच्या पलीकडं आधीच उभा असणं) आरडाओरडा. पास सुटतानाची त्याची जागा बघायची, चेंडू मिळतानाची नव्हे. (शाळेत दप्तरांचे गोलपोस्ट करून खेळायचो, तेव्हा ऑफसाइड कुणाला ठाऊक!)
- दुसऱ्या पेठेच्या घोळक्यात बसून आपल्या गोलला उडी. मी मारलीय. एकदाच.

फॉर्मेशन (मैदानावरची खेळाडूंची मांडणी) वगैरे पुढच्या हंगामात बघू.