फ्लोरिडात किनाऱ्यावरून डायव्हिंग करून शार्कचे जीवाश्म दात खरंच सापडतात का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जुळे सोलापूरचे, वय 52, पोहायला चांगलं येतं, आणि उन्हाळ्यात मुलीकडे टॅम्पाला चाललाय. तिथून जवळच्या व्हेनिस गावी बोट न घेता, नुसतं किनाऱ्यावरून पाण्यात उतरून मेगालोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचे दात मिळतात असं ऐकलंत. ते खरं का, परवाना लागतो का, आणि आपल्या भागात असं काही सापडेल का, हे तुम्हाला विचारायचंय.

खरं आहे. मीही सोलापूरचीच. माझा मामेभाऊ व्हेनिसजवळ राहतो, त्यामुळे त्या पाण्यात उतरायची संधी मला मिळत आलीय.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. सोलापूरच्या आसपास शार्कचा दात मिळणार नाही. आपल्या पायाखाली आहे तो काळा बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहून थंड झालेला लाव्हा. दख्खनच्या या थरांच्या मधे कुठे कुठे गाळाच्या पातळ पट्ट्या आहेत, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांचे अवशेष मिळतात. पण समुद्र आपल्याकडे आलाच नाही. मेगालोडॉन त्यानंतर किती तरी उशिरा आला, सुमारे 2.3 कोटी वर्षांपूर्वी, आणि 36 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास संपला. तोवर आपला खडक केव्हाच निवून त्याची काळी माती व्हायला लागली होती. भारतात मायोसीन, म्हणजे मेगालोडॉन होता त्या काळातले शार्कचे दात मिळतात ते कच्छात आणि ओडिशात मयूरभंज जिल्ह्यातल्या बारीपदाच्या थरांत. तिथे हौसेने खणायला जाऊ नका. ती अभ्यासाची ठिकाणं आहेत, आणि एकदा थर विस्कटला की दात नेमका कुठल्या थरातला हे पुन्हा कळत नाही. व्हेनिसची गोष्ट वेगळी. तिथे समुद्र स्वतःच थर फोडून दात बाहेर काढत असतो.

हे तिथेच का, हे जरा सविस्तर सांगते, कारण हे कळलं की शोधायचं कसं तेही कळतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. उरतात ते दात. शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा एकामागे एक तयार असतात, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो, आणि एक मासा आयुष्यात हजारो दात गाळतो. त्या काळी फ्लोरिडाचा बराच भाग उथळ, उबदार समुद्राखाली होता. दात तळाच्या गाळात पुरले गेले, गाळातली खनिजं त्यांच्यात मुरली, आणि पांढरा दात काळा, करडा, कधी तपकिरी झाला. या गाळात फॉस्फेट भरपूर. व्हेनिसपासून थोडं आत गेलं की फॉस्फेटच्या प्रचंड खाणी आहेत. त्या पट्ट्याचं नावच ‘बोन व्हॅली’, म्हणजे हाडांचं खोरं. आपण डाळिंबाला आणि उसाला फॉस्फेटचं खत घालतो ते अशाच खडकापासून बनतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मोहोळच्या रस्त्याला लागलेली खताची दुकानं एकदम डोळ्यांसमोर आली.

आता मुख्य गोष्ट. पाण्यात गेल्यावर दात शोधायचा नसतो, खडीचा पट्टा शोधायचा असतो. नवखा माणूस आत शिरतो, पांढऱ्या वाळूवर डोळे ताणून फिरत राहतो आणि सिलिंडर संपवून रिकाम्या हाताने वर येतो. नुसत्या स्वच्छ वाळूत दात जवळजवळ नसतातच. दात जड, वाळू हलकी. लाटा वाळू उचलून नेतात आणि जड माल एका जागी साचत जातो: काळे गुळगुळीत खडे, हाडांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा. तळाचा रंग पांढऱ्यावरून काळपट झाला की तिथे थांबायचं. पुढे जायची घाई करायची नाही. किनाऱ्यावरून पोहत गेलं तर असे पट्टे साधारण 15 ते 30 फूट खोलीवर लागतात, आणि वादळानंतर त्यांच्या जागा बदलतात. म्हणून ‘अमुक खांबासमोर सरळ जा’ असं कुणी छातीठोक सांगितलं तरी त्यावर विसंबू नका.

पट्टा सापडला की तळाशी पडून राहायचं. पायातले फिन्स (पोहायचे पंखे) मारायचे नाहीत, गाळ उडतो आणि काहीच दिसेनासं होतं. तसंही तिथलं पाणी नितळ नाही. कितीदा तरी हाताच्या अंतरापलीकडचं धूसर असतं. तळहात खडीवर इंचभर उंच धरून हलकेच वारा घातल्यासारखा हलवायचा. वाळू बाजूला सरते, खडे जागेवर राहतात. मग बघायचं. आईला ज्वारी निवडताना खडा कसा आपोआप दिसतो, तसं काही वेळाने डोळ्याला दिसू लागतं: सगळे खडे गोल, आणि त्यात एक सरळ रेघ. ती रेघ म्हणजे दाताची कड. बोटाने अलगद सोडवला की आधी काळं, चकचकीत टोक येतं आणि मागून खरबरीत, फिकट मूळ. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं तर करवतीसारखे बारीक दाते लागतात. लाखो वर्षं पाण्यात लोळूनही ती धार टिकलेली असते. मला आजही तो क्षण आला की श्वास थोडा अडकतो (आणि पाण्याखाली श्वास अडकू द्यायचा नसतो, त्याबद्दल खाली लिहिलंय).

मेगालोडॉनचा दात ओळखायची खूण म्हणजे मूळ आणि पातं यांच्यामधला काळसर, इंग्रजी व्ही अक्षरासारखा पट्टा, आणि कडेचे अगदी बारीक, एकसारखे दाते. हाताएवढा अख्खा दात मिळेलच असं मनात धरून जाऊ नका. किनाऱ्यावरून जाणाऱ्यांना बहुतेक लहान किंवा तुटके मिळतात. मला स्वतःला हेमिप्रिस्टिस या दुसऱ्या एका शार्कचा दात जास्त आवडतो. दीड इंचाचा तिरका दात, मागच्या कडेवर इतके मोठे दाते की विळा आठवावा. टायगर शार्क, बुल शार्क, लेमन शार्क, माको यांचेही मिळतात. याच खडीत जड, काळ्या, केळ्याच्या आकाराच्या फासळ्या पुष्कळ असतात. त्या ड्युगाँगच्या कुळातल्या समुद्रगायींच्या. घोड्याचे आणि मॅमथचे अवशेषही सापडतात, कारण पुढे समुद्र मागे हटला तेव्हा तिथे जमीन होती.

इथेच परवान्याचा मुद्दा येतो. फ्लोरिडाच्या नियमांप्रमाणे शार्कच्या जीवाश्म दातांना परवाना लागत नाही. पण बाकीच्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचे जीवाश्म, म्हणजे त्या फासळ्या आणि घोड्याचे दात, सरकारी जमिनीवरून किंवा समुद्रतळावरून घ्यायचे असतील तर फ्लोरिडाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा परवाना काढावा लागतो. फी वर्षाला 5 डॉलर. मुलीला आधीच अर्ज करायला सांगा. एवढ्याशा पैशात मोकळ्या मनाने खडी बघता येते, आणि काही विशेष सापडलं तर ते अभ्यासकांपर्यंत पोचतं.

आता सुरक्षितता, आणि हे मी कळकळीने लिहितेय. तलावात तासभर पोहता येणं वेगळं आणि सिलिंडर लावून तळाशी श्वास घेणं वेगळं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे घेतलेला श्वास धरून वर आलात तर फुफ्फुसातली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. हे चार-पाच फुटांवरूनही होऊ शकतं, म्हणून ‘उथळच तर आहे’ हा विचार सोडा. प्रमाणपत्राचा कोर्स इथूनच करून जा. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, पावसाळा सोडून जाता येतं. कोर्सआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. बीपी, दमा, कानाचा जुना त्रास यातलं काहीही लपवू नका.

व्हेनिसला उतरताना लाल झेंडा, त्यावर पांढरा तिरका पट्टा, हा तरंगणाऱ्या बोयाला लावून दोरीने सोबत ओढावा लागतो. तो कायदा आहे. उघड्या समुद्रात त्या झेंड्यापासून 300 फुटांच्या आत राहायचं, कारण वरून बोटी जात असतात. एकटं जायचं नाही. तो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा परत यायला होकायंत्रावर साधारण पूर्व धरायची. अर्धी हवा उरली की वळायचं, खडी कितीही चांगली लागलेली असली तरी. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे वाळूत पुरून बसलेला स्टिंगरे, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जातो. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे विजांचा पाऊस हमखास, म्हणून सकाळी लवकर उतरून दुपारच्या आत बाहेर यायचं. उन्हाळ्याचा फायदा म्हणजे पाणी छान कोमट असतं. ‘रेड टाइड’ हे सूक्ष्म शेवाळ वाढलेलं असलं तर किनाऱ्यावर उभं राहूनही खोकला येतो. त्या दिवशी बेत सरळ रद्द करा. 2024 च्या हेलन आणि मिल्टन वादळांनी या किनाऱ्याचं बरंच नुकसान केलं, तेव्हा व्हेनिसच्या कॅस्परसन बीचला निघण्याआधी तिथली वाट आणि पार्किंग सुरू आहे का ते विचारून घ्या.

घरात कुणाला डायव्हिंग करायचं नसेल तर त्यांच्यासाठीही काम आहे. लांब दांड्याला जाळीची टोपली लावलेलं एक साधन तिथल्या दुकानांत भाड्याने मिळतं. लाट फुटते तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने खडी काढायची, हलवून वाळू गाळायची आणि निवडत बसायचं. लहान दात तर यातच जास्त मिळतात. माझी मामी साडी खोचून असं करते आणि तिच्या डब्यात माझ्यापेक्षा जास्त दात आहेत.

परतीच्या विमानाच्या निदान 18 तास आधी डायव्हिंग थांबवा, कारण रक्तात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. मी मधे पूर्ण एक दिवस मोकळा ठेवते. त्या दिवशी दात गोड्या पाण्यात भिजत घाला आणि पाणी दोन-तीनदा बदला. मीठ आत राहिलं तर सुकताना मुळाकडचा भाग भुगा होऊन सुटतो. घरी आल्यावरही आणखी काही दिवस पाणी बदलत भिजवा, मग सावलीत वाळवा. उन्हात ठेवू नका, आणि ॲसिड किंवा व्हिनेगर तर लावूच नका.