जॅझ क्लबमधला उजेड

प्रिय मित्रा,

क्लबमध्ये अंधार फार, म्हणून फोटो बिघडतात, असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. आजच्या कॅमेऱ्याला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० सहज झेपतो. तुझ्या फोटोंत घोळ कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा आहे. मागचा काळा पडदा पाहून तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, वाढवतो आणि गाणारीचा चेहरा पांढराफटक पडतो. मॅन्युअलवर जा, म्हणजे सगळं हाताने ठरव. लेन्सचं छिद्र एफ/२, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ३२०० इथून सुरुवात कर आणि चेहऱ्याची कातडी नीट दिसेपर्यंत आयएसओ खाली-वर कर. सॅक्सोफोनच्या पितळेवरची चमक जळाली तर जळू दे. मात्र आयएसओ उगाच कमी ठेवून नंतर संगणकावर फोटो उजळू नकोस, सावल्यांत जास्तच दाणे येतात.

लाल एलईडी हा खरा शत्रू. त्यात फक्त लाल चॅनल भरतो, तोही ओसंडून, आणि चेहरा प्लास्टिकचा दिसतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हे लपवतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा लाव आणि लाल उजव्या कडेला चिकटला की एक्स्पोजर एक स्टॉप उतरव, म्हणजे प्रकाश निम्मा कर. फाइल रॉच (सेन्सरची कच्ची नोंद) हवी. एवढं करूनही रंग सुधारला नाही तर कृष्णधवल कर, पण तिन्ही चॅनलच्या मिश्रणात लालच वर ठेव. निळ्या-हिरव्यात नुसता कचरा असतो.

तुझ्या फोटोंत आडव्या पट्ट्या येतात, त्यांचं कारण तुझं सायलेंट मोड, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर. ते चित्र ओळीओळीने वाचतं आणि तेवढ्यात दिवा लुकलुकतो. न्यूयॉर्कमध्ये वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे १/६० किंवा १/१२५. मुंबईत ५० हर्ट्झ, म्हणून १/५० किंवा १/१००. मंद केलेले एलईडी हा हिशेब पाळत नाहीत, तिथे साउंडचेकलाच (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीत) चाचणी घे. मेकॅनिकल शटरने पट्ट्या कमी होतात, पण आवाज येतो. ते शटर ड्रम्स जोरात असताना वापर. बासच्या सोलोत (एकट्याच्या वादनात) बोट शटरवरून काढ. फोकसचा मदत-दिवा आणि मागचा स्क्रीन आधीच बंद कर.

८५ मिमी लेन्स, एफ/१.८, तीन मीटर अंतर: फोकसमध्ये राहणारा स्पष्ट पट्टा जेमतेम १३ सेंटीमीटरचा. ट्रम्पेट त्याहून कितीतरी लांब. कॅमेरा ट्रम्पेटचं चमकणारं तोंड पकडतो आणि डोळे धूसर जातात. फोकस बिंदू स्वतः डोळ्यावर ठेव आणि बाजूला उभा राहा, म्हणजे वाद्य चेहरा झाकणार नाही.

छायाचित्रकार हर्मन लेनर्डने १९४८ साली न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये टिपलेला, धुरात बसलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन, तसा फोटो तुला हवाय, हे कळतं. पण तिथला मागचा प्रकाश लेनर्डने स्वतः लावलेल्या फ्लॅशचा होता. तुला फ्लॅश चालणार नाही. मागून दिवा येतो ती बाजू शोध.

बाकी काम कानाचं. सुरांचं वाक्य संपलं की वादक श्वास घेतो, ओठ सुटतात, गाल उतरतात. तेव्हा क्लिक कर. सोलो संपल्यावर बाजूला झालेल्याकडेही बघ, तो ऐकत असतो. चार-चार बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) देवाणघेवाण सुरू झाली की ड्रमरची पाळी कधी येणार हे मोजता येतं, तेवढ्यात झांजांच्या फटीतून त्याचा चेहरा दिसेल अशी जागा धर. काठ्या १/१२५ ला फराटल्या तर उलट बरंच. गायिकेच्या ओठांवर माइकची सावली पडत असेल तर अर्धं पाऊल सरक; ती सावली नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही.