वाचकांचे प्रश्न : अण्वस्त्रमुक्त क्षेत्र कसे घडते आणि कशावर टिकते?

प्रश्न : जगातील काही प्रदेश अण्वस्त्रमुक्त आहेत, असा ओझरता उल्लेख आपल्या गेल्या अंकात होता. अशी घोषणा कोणीही करू शकतो का, आणि तिने प्रत्यक्षात काही फरक पडतो का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : नुसत्या घोषणेने कोणताही प्रदेश अण्वस्त्रमुक्त होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1975 मध्ये केलेल्या व्याख्येनुसार त्या प्रदेशातील राष्ट्रांनी स्वेच्छेने करार करावा लागतो, त्या करारात अण्वस्त्रांना संपूर्ण मज्जाव असावा लागतो आणि कराराचे पालन होते की नाही हे तपासणारी यंत्रणाही असावी लागते. 1968 च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने राष्ट्रांचा हा हक्क सातव्या कलमात मान्य केला आहे. मात्र प्रसारबंदी करार आणि अण्वस्त्रमुक्त क्षेत्र यांत एक मोठा फरक आहे. प्रसारबंदी करारावर सही केलेला, अण्वस्त्रे नसलेला देश स्वतः बॉम्ब बनवू शकत नाही, पण दुसऱ्याचे बॉम्ब त्याच्या भूमीवर ठेवले जाऊ शकतात. जर्मनी आणि इटलीत अमेरिकेचे अणुबॉम्ब ठेवलेले आहेत ते याच फटीमुळे. अण्वस्त्रमुक्त क्षेत्रात ही फट बुजवलेली असते.

आज लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, दक्षिण पॅसिफिक, आग्नेय आशिया, आफ्रिका आणि मध्य आशिया अशी पाच क्षेत्रे करारांनी बांधलेली आहेत. त्याखेरीज रशिया आणि चीन यांच्या मधोमध असलेल्या मंगोलियाने 1992 मध्ये एकट्यानेच स्वतःला अण्वस्त्रमुक्त जाहीर केले आणि 2000 साली त्याचा कायदाही केला.

ही कल्पना प्रथम पुढे आली ती युरोपात. पोलंडचे परराष्ट्रमंत्री अ‍ॅडम रापाकी यांनी 1957 मध्ये आमसभेत मांडलेल्या योजनेत पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि दोन्ही जर्मनी अण्वस्त्रांपासून दूर ठेवण्याचा प्रस्ताव होता. तिथे दोन लष्करी गट एकमेकांसमोर उभे ठाकलेले असल्यामुळे तो प्रस्ताव बारगळला. लॅटिन अमेरिकेत मात्र ऑक्टोबर 1962 च्या क्यूबा पेचप्रसंगाने, म्हणजे क्यूबात ठेवलेल्या सोव्हिएत अण्वस्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर आले त्या प्रसंगाने, सगळ्यांचेच डोळे उघडले. आपल्याला काडीचाही अधिकार नसलेल्या भांडणात आपला प्रदेश बेचिराख होऊ शकतो, हे त्या तेरा दिवसांत तेथील राज्यकर्त्यांना कळून चुकले. पुढच्याच वर्षी, 29 एप्रिल 1963 रोजी, मेक्सिको, ब्राझील, चिली, बोलिव्हिया आणि इक्वेडोर यांच्या राष्ट्राध्यक्षांनी संयुक्त निवेदन काढले आणि मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांनी वाटाघाटींची धुरा उचलली. 14 फेब्रुवारी 1967 रोजी मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को भागात या करारावर सह्या झाल्या. याच कामासाठी गार्सिया रोब्लेस यांना 1982 चे नोबेल शांतता पारितोषिक स्वीडनच्या आल्वा म्युर्दाल यांच्यासमवेत मिळाले.

त्यांची खरी हुशारी कराराच्या अंमलाविषयीच्या कलमात दिसते. प्रदेशातील सर्व देशांचे अनुमोदन आणि बाहेरील अण्वस्त्रधारी देशांच्या सह्या मिळाल्यावरच करार लागू व्हावा, असे काहींचे म्हणणे होते, तर तसे केल्यास करार कधीच लागू होणार नाही, असे इतरांना वाटत होते. तेव्हा असे ठरले की या अटी कायम राहतील, पण ज्या देशाला त्या स्वतःपुरत्या सोडून द्यायच्या असतील त्याने तसे लिहून द्यावे आणि त्याच्यापुरता करार तत्काळ लागू व्हावा. अकरा देशांनी तसे लिहून दिल्यावर एप्रिल 1969 मध्ये करार अमलात आला आणि उरलेल्यांसाठी दार उघडे राहिले.

त्या दारातून शेवटी आत येणाऱ्यांत अर्जेंटिना आणि ब्राझील होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. दोन्ही देशांत लष्करी राजवटी होत्या, दोघांची जुनी चुरस होती, आणि दोघांनीही युरेनियम समृद्धीकरणाचे (ज्यातून वीजकेंद्राचे इंधनही मिळते आणि बॉम्बचे द्रव्यही) प्रकल्प परकीय तपासणीपासून दूर ठेवून उभारले होते. 1980 च्या दशकात नागरी सरकारे आल्यावर चित्र पालटू लागले. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष साऱ्ने 1987 मध्ये अर्जेंटिनाच्या पिल्कानियेऊ येथील समृद्धीकरण प्रकल्पात स्वतः गेले. दुसऱ्या वर्षी अर्जेंटिनाचे आल्फोन्सिन ब्राझीलच्या अरामार केंद्रात गेले. जे शेजाऱ्यापासून लपवायचे तेच त्याच्या राष्ट्राध्यक्षाला हिंडून दाखवले गेले. पुढे 1990 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी ब्राझीलच्या काशिम्बो येथे अणुचाचणीसाठी खणलेली खोल विहीर बंद करण्याचा जाहीर कार्यक्रम केला. 1991 मध्ये दोन्ही देशांनी रिओ दि जानेरो येथे एक संयुक्त संस्था स्थापन केली. तिच्या नियमानुसार अर्जेंटिनाचे निरीक्षक ब्राझीलचे प्रकल्प तपासतात आणि ब्राझीलचे निरीक्षक अर्जेंटिनाचे. हा विश्वास बसल्यानंतर, 1994 मध्ये, दोघेही त्लातेलोल्को कराराने पूर्णपणे बांधले गेले. सर्वांत शेवटी 2002 मध्ये क्यूबा आला आणि प्रदेशातील 33 देश पूर्ण झाले.

प्रश्न : ज्यांच्याकडे अण्वस्त्रे नाहीतच त्यांनी ती न बाळगण्याचा करार करायचा आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मोकळे राहायचे, यात अर्थ काय? (एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. कराराच्या कर्त्यांनाही तो ठाऊक होता, आणि म्हणूनच प्रत्येक करारासोबत जोडपत्रे असतात. त्यांवर सही करून अण्वस्त्रधारी पाच देश, म्हणजे अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन, असे वचन देतात की या क्षेत्रातील देशांवर आपण अण्वस्त्रे वापरणार नाही आणि तशी धमकीही देणार नाही. आपल्या प्रश्नातील दुखणे नेमके इथेच आहे. पाचही देशांनी संपूर्ण अनुमोदन दिले ते केवळ त्लातेलोल्कोच्या अशा जोडपत्राला, आणि ते 1979 मध्ये पूर्ण झाले.

दक्षिण पॅसिफिकचा रारोटोंगा करार 6 ऑगस्ट 1985 रोजी, हिरोशिमाच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी झाला. त्या वेळी फ्रान्स मोरुरोआच्या प्रवाळबेटाखाली चाचण्या करतच होता. जानेवारी 1996 मध्ये शेवटची चाचणी उरकून घेतल्यावर, मार्च महिन्यात, फ्रान्सने जोडपत्रांवर सह्या केल्या. अमेरिकेनेही त्याच वेळी सह्या केल्या, पण ती जोडपत्रे 2011 मध्ये अनुमोदनासाठी सिनेटकडे गेली आणि तिथेच अडकली. आग्नेय आशियाच्या 1995 च्या बँकॉक कराराची अवस्था आणखी बिकट झाली. त्या कराराने किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांचा आर्थिक हक्काचा पट्टाही क्षेत्रात घेतला; आपल्या पाणबुड्यांच्या वाटा अडतील, या धास्तीने अण्वस्त्रधारी देश मागे राहिले, आणि करार अमलात येऊन दोन दशके उलटली तरी पाचांपैकी एकाचीही सही झालेली नव्हती.

सही झाली म्हणजे काम फत्ते, असेही नाही. अर्जेंटिनाविरुद्धच्या 1982 च्या फॉकलंड युद्धाला निघालेल्या ब्रिटिश ताफ्यातील काही जहाजांवर पाणबुडीविरोधी अणुबॉम्ब होते, हे ब्रिटनच्या संरक्षण खात्याने 2003 मध्ये मान्य केले. ब्रिटन त्लातेलोल्कोच्या दोन्ही जोडपत्रांना बांधलेला होता. कराराचा भंग झाला नाही, असे त्या खात्याचे म्हणणे होते. पण ज्यांच्या समुद्राकडे ती जहाजे निघाली होती त्यांना हे एकवीस वर्षांनी कळावे, ही गोष्ट मला आजही गंभीर वाटते.

तरीही हे करार निरर्थक आहेत, असे मी म्हणणार नाही. मध्य आशियाचेच पाहा. सोव्हिएत काळात कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्कच्या माळावर 1949 ते 1989 या काळात 456 अणुचाचण्या झाल्या, आणि तेथील खेड्यांतील लोकांनी त्यांचे परिणाम अंगावर झेलले. स्वतंत्र होताना कझाकस्तानच्या भूमीवर हजाराहून अधिक अण्वस्त्रे होती. ती सर्व 1995 पर्यंत रशियाकडे परत गेली. 2006 मध्ये पाच मध्य आशियाई देशांनी करारावर सह्या केल्या त्या याच सेमिपालातिन्स्कमध्ये. बड्या सत्तांचे वचन कच्चे असले, तरी आपल्या भूमीवर पुन्हा कोणाचीही अण्वस्त्रे येऊ न देण्याचा या देशांचा निर्धार पक्का आहे.

प्रश्न : मग दक्षिण आशियात असे क्षेत्र का होत नाही? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : प्रस्ताव आला होता. मे 1974 मधील पोखरणच्या चाचणीनंतर पाकिस्तानने त्याच वर्षी तो आमसभेत मांडला. अशी योजना त्या प्रदेशातील देशांनी आपसांत ठरवावी, बाहेरून लादू नये, आणि दक्षिण आशिया हा आशियाचा केवळ एक भाग असल्याने त्याचा वेगळा विचार करता येत नाही, अशी भारताची भूमिका होती. चीनला वगळून आखलेले क्षेत्र भारताला सुरक्षित करणार नाही, हे त्यामागचे उघड कारण होते, आणि ते कारण आजही तितकेच खरे आहे. 1998 मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही चाचण्या केल्यावर क्षेत्र उभारायचे म्हणजे तयार अण्वस्त्रे मोडीत काढायची, असा अर्थ झाला. स्वतः बनवलेली अण्वस्त्रे स्वतःच मोडणारा देश एकच, दक्षिण आफ्रिका. त्याने सहा बॉम्ब मोडल्याचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी मार्च 1993 मध्ये जाहीर केले आणि त्यामुळेच आफ्रिकेच्या 1996 च्या पेलिंदाबा कराराची वाट मोकळी झाली.

म्हणून दक्षिण आशियात आज थेट अण्वस्त्रमुक्त क्षेत्राची मागणी करण्यापेक्षा अर्जेंटिना आणि ब्राझील ज्या क्रमाने गेले तो क्रम अभ्यासावा, असे मला वाटते. त्यांच्याकडे बॉम्ब नव्हते आणि त्यांच्यात काश्मीरसारखा प्रश्न नव्हता, हे मान्य करूनही मी हे म्हणतो. आपल्याकडेही एक धागा शाबूत आहे. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 रोजी केला, आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश अशा प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर आणि संसदेवरील हल्ल्यानंतरही हा परिपाठ मोडला नाही. त्या याद्यांची प्रत्यक्ष शहानिशा करण्याची सोय करारात नाही. पुढचे पाऊल टाकायचे असेल तर ते तिथे टाकावे लागेल.

प्रश्न : अण्वस्त्रमुक्त क्षेत्रात अणुवीज प्रकल्प उभारता येतो का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : येतो. अर्जेंटिना, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका हे तिन्ही देश अण्वस्त्रमुक्त क्षेत्रात असून तिघांकडेही अणुवीज केंद्रे आहेत. मात्र त्यांतील इंधनाचा हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला द्यावा लागतो. आपण जैतापूरच्या अनुषंगाने विचारले असावे. तेथील जमीन, मासेमारी आणि सुरक्षितता यांविषयीचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे या करारांत सापडणार नाहीत. आपल्याला उपयोगी पडेल अशी एक तरतूद मात्र पेलिंदाबा करारात आहे : त्या क्षेत्रातील कोणत्याही अणुप्रकल्पावर सशस्त्र हल्ला करण्यास त्यात मनाई आहे.